शिळ्या पाण्याची टाकी

मित्रांनो, मी काचेची एक लांबट, अरुंद टाकी आहे. आता माझे वय झाले. स्वारगेटजवळच्या एका कारखान्यात माझ्या काचा जोडल्या आणि जुन्या गोधड्यांत गुंडाळून मला टेम्पोने कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणले. तिथे प्रेमला मॅडमनी चौतीस वर्षे माझ्यात पाण्याची चाल पाहिली.

त्यांची रीत ठरलेली. आदल्या दिवशी माझ्यात आणि शेजारच्या पिंपात पाणी भरून ठेवायचे. रात्रभरात बुडबुडे निघून जातात, पाणी निवते. सकाळी माझ्यातल्या पाण्यात मीठ आणि लाल रंग मिसळायचा. त्यावर स्पंज तरंगत ठेवून पिंपातले साधे पाणी बारीक धारेने सोडायचे. खाली जड थर, वर हलका. मग झाकण लावून मला एका बाजूने उचलायचे. जड पाणी खाली घसरते, हलके उलट वर सरकते. उतार कमी असला तर दोन्ही थर निमूट सरकतात. उतार वाढला, की वेगातला फरक वाढतो, सीमेवर लाटा वळतात, फुटतात आणि घुसळण सुरू होते. वजनातला फरक मात्र तिला दाबू पाहतो. अशी दाबली गेलेली घुसळण आपोआप पुन्हा उठते का, एवढेच मॅडमना पाहायचे राहिले होते.

निवृत्तीचा दिवस उजाडला. पाच वाजता खोली दुसऱ्या विभागाला द्यायची होती. मॅडम आल्या, तर माझ्या काचांवर बुडबुडेच बुडबुडे.

"पाणी कोणी बदललं?"

"मी, मॅडम," विमलाबाई म्हणाल्या. वारज्याहून सफाईला येणाऱ्या या बाई नुकत्याच लागल्या होत्या. "कालचं शिळं होतं. घरी आम्ही रोज ओतून ताजं भरतो."

"छान. आता लिंबू पिळा, सरबत होईल."

विमलाबाईंचा चेहरा उतरला. मॅडम खुर्चीत बसल्या. "पाणी निवायला एक दिवस लागतो हो. माझ्याकडे तो नाही."

विमलाबाईंनी काठीला फडके बांधले. "एकेक पुसून काढते. कुठून सुरू करू, सांगा."

दुपारपर्यंत त्या बुडबुडे पुसत होत्या. पुढे तीन तास स्पंजावर नळी धरून बसल्या. हात एकदाही हलला नाही.

चारला मला उचलले. लाटा वळल्या, फुटल्या, मधला पट्टा गुलाबी झाला. मग सारे निवले.

"झालं का, मॅडम?"

"थांबा."

दोघी वाकून पाहत राहिल्या. गुलाबी पट्ट्याच्या कडेला एक बारीक लाट वळली.

"उठली," विमलाबाई हळूच म्हणाल्या. मॅडमनी वेळ लिहिली. अक्षर जरा वाकडे आले.

आता मी जिन्याखाली असते. मॅडम येत नाहीत. दर शुक्रवारी विमलाबाई माझ्या काचा पुसतात आणि कोणी न सांगता पाणी भरून ठेवतात. शनिवारी कोणी आले नाही, तर ते कुंड्यांना घालतात.

मित्रांनो, एखाद्या शनिवारी या. येताना मीठ आणा. पाणी शिळे करून ठेवलेले असते.