वाटोळ्या पानांची ब्राह्मी

शके अठराशे एक्कावन्न, चैत्र वद्य पंचमी, सोलापूर, शुक्रवार पेठ: या दिवशी, या स्थळी वैद्य वेणीमाधवशास्त्र्यांनी सुनेला, यशोदेला, प्रथमच खलाला हात लावू दिला. संधिवाताने त्यांची बोटे आखडली होती, आणि मुलगा एकनाथ शाळामास्तर होऊन मोकळा झाला होता. अट स्पष्ट होती. लेप साधला तर औषधखोली तिची. चुकला तर तिने पुन्हा तिकडे फिरकायचे नाही.

रोगी होती मायाक्का धनगरीण. खरूज झालेल्या मेंढ्या तिने गंधक-चुन्याच्या काढ्याने धुतल्या. मेंढ्या बऱ्या झाल्या आणि तिचेच हात कोपरापर्यंत लालभडक होऊन आगीने तिची झोप उडाली. ब्राह्मीच्या रसाचा लेप कर, एवढे सांगून शास्त्रीबुवा पूजेला बसले.

यशोदेचे माहेर अक्कलकोटकडचे. दारावर पाला विकणाऱ्या निंगव्वेकडे तिने कानडीतच ब्राह्मी मागितली, ती वाटली, फडक्यातून रस गाळला, पाण्याने शंभरदा धुतलेल्या तुपात घोटला आणि मायाक्काच्या हातांना लावलाही.

पूजा आटोपून आलेले शास्त्रीबुवा खलाशेजारी उरलेला पाला पाहून थबकले. ब्राह्मीचे पान लांबट, जाडसर, चिमुकले. हे तर वाटोळे, कातरल्या काठांचे.

"सूनबाई, हा कारिवणा आहे."

"आमच्याकडे यालाच ब्राह्मी म्हणतात, मामंजी."

"उद्या तुमच्याकडे दोडक्यालाही आंबा म्हणतील. धू ते हात."

नावात आपली चूक झाली, हे यशोदेला उमगले होते. पण लहानपणी चुलीवर पोळलेला तिचा स्वतःचा हात याच पानांनी निवला होता, आणि ती आठवण कोणत्याही नावाने खोटी ठरणार नव्हती. ती पाण्याच्या घागरीसमोर वाट अडवून उभी राहिली.

"नाव चुकले असेल. हात मी धुणार नाही."

शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे दाखले काढले. ती जागची हलली नाही. शेवटी मायाक्काच कंटाळली. "तुमचं भांडान मिटंस्तवर तरी ऱ्हाऊ द्या की वो. लई गार वाटतंय."

वाद तसाच चालू राहिला. मग ओसरीवरून घोरण्याचा आवाज आला. मायाक्का खांबाला टेकून गाढ झोपली होती.

शास्त्रीबुवा तिच्याजवळ बसले. तिचे मनगट त्यांनी उजेडात धरले, उलटेसुलटे केले, ओसरू लागलेली लाली निरखली. मग जानव्याला बांधलेली औषधखोलीची किल्ली सोडून त्यांनी यशोदेपुढे ठेवली.

"ही ब्राह्मी नव्हे," ते म्हणाले. "पण औषध बरोबर आहे."