मागच्या भिंतीतला दगड

त्या दहा वर्षांत चीनमधल्या शान्शीच्या मातीला जणू ओकारीच लागली होती. एक भूकंप झाला, दोन दुष्काळ पडले, आणि कुदळ मारावी तिथून जुन्या कोरीव शिळा वर येऊ लागल्या. पंडितांची चंगळ झाली, खेड्यांचं मात्र मरण ओढवलं. शेजारच्या तुंगवानात एक शिळा निघाली, तेव्हापासून हाकिमाला दर नववर्षाच्या भेटींसाठी तिचे ठसे हवे असत. ऐन थंडीत ओला कागद शिळेवर बसवायचा, शाईची पुरचुंडी थापटायची. काम फुकट, वर कचेरीच्या माणसांना जेवण. त्या वेठीत पाथरवट लेई शोउकनची दोन बोटं कायमची मेली.

म्हणून स्वतःच्या गुहाघराची मागची भिंत खोदताना कुदळ टणकन वाजली, तेव्हा त्यानं आधी दाराकडं पाहिलं.

"मायस्वेचे बाबा, काय लागलं हो?" बायको छाय अंगणातून ओरडली.

मायस्वे म्हणजे गव्हाची लोंबी. पोर जाऊन नऊ वर्षं झाली, तरी छाय नवऱ्याला तीच हाक मारी. एवढ्याशा पोरींना तिथं कबर नसते. ओढ्याकाठी पुरून यायचं, खूण ठेवायची नाही.

"शिळा आहे. कुणा आईनं सात वर्षांच्या लेकीसाठी कोरून घेतलेली."

"असेना! फोडा मेलीला, कुणी बघायच्या आत!"

त्यानं फोडली, भुगा करून डुकरांच्या खोपट्यात पसरला. पण त्याआधी एक ठसा घेतला. जन्मभराची सवय, हात शिवशिवले. छायला कागद टाकवेना. तिनं कोपऱ्याचा तुकडा कापून जोड्याच्या तळव्याचा माप-नमुना केला, तो पुढं झिजून फाटला. उरलेला कागद खालून जाळानं तापवायच्या निजायच्या कट्ट्यामागं भिंतीला डकवला.

हिवाळ्याच्या तोंडी कचेरीचा कारकून आला. कट्ट्यावर बसून राळ्याची पेज ओरपता ओरपता त्यानं मान वळवली.

"ही शिळा कुठाय रे?"

"तुंगवानचाच जुना कागद आहे, सरकार."

"तुंगवानची मला तोंडपाठ आहे. येडा समजतोस? फोडली असशील तर ऐंशी फटके. नसशील तर महिन्यात तीस ठसे."

तो गेल्यावर छाय रडत म्हणाली, "पळून जाऊ कुठंतरी."

"गाव सोडायचा परवाना कोण देतो? हाच."

मग लेईनं दाराला पोतं लावलं आणि कागदावरून नवी शिळा कोरायला घेतली. मेलेल्या बोटांतून छिन्नी निसटायची, रक्त यायचं. शेण आणि आंबट शिरका चोळून त्यानं दगड जुना केला. फक्त दोन अक्षरं कागदावर नव्हती. छायच्या कात्रीत नेमकं त्या पोरीचं नाव गेलं होतं.

"घाला काहीतरी, कोण बघतंय?" छाय म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं.

त्यानं घातली.

हाकीम खूश झाला. एवढं गावरान नाव कसं, यावर पंडित म्हणे आठवडाभर भांडले. पुढल्या हिवाळ्यात शंभर ठशांचा हुकूम आला, त्याच्या पुढल्या हिवाळ्यात दोनशेंचा. घरटी एक माणूस वेठीला लागला आणि सारं गाव लेईला शिव्या घालू लागलं.

तिसऱ्या वर्षी हाकिमाची बदली झाली. नवा यायला अवकाश होता. भर दुपारी दहा-बारा गडी घण घेऊन अंगणात आले, आणि त्यांच्यापुढं छाय.

"लेईदादा, सरक," एक गडी म्हणाला. "दरड कोसळून फुटली म्हणून सांगू. सुटलो एकदाचे!"

लेई अंगणातल्या शिळेला पाठ लावून उभा राहिला.

"सरका की, मायस्वेचे बाबा! तुमच्याच बोटांची राख झाली ना असल्याच शिळेपायी?"

त्यानं तिचा हात धरला आणि तिचं बोट त्या दोन अक्षरांच्या खाचेत फिरवलं.

"आत्ता लेकीच्या नावानं हाक मारलीस ना मला," तो म्हणाला, "ते नाव आहे हे."

छाय बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग ती गड्यांकडं वळली.

"जा बाबांनो घरी," ती म्हणाली. "यंदापासून तुमच्या वाटणीचे ठसेसुद्धा आम्ही दोघं काढू."