तीस तास नेमके कुणी ऐकले?

मी सात नंबरचा हेडफोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं लोकांच्या कानात ओतलं, आज जरा माझं ऐका. मला दिसत काही नाही, पण माइकमुळे खोलीतलं सगळं कळतं.

कारखान्यातून निघालो तो थेट या कॉलेजच्या भाषा प्रयोगशाळेत येऊन पडलो. इथला नियम कडक. विषय कुठलाही घ्या, परदेशी भाषेचे तीस तास ऐकून तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय पदवी नाही. तास मोजायचं काम यंत्राकडे. पाठ सुरू झाला की मोजणी सुरू. समोर माणूस आहे की नुसती खुर्ची, याच्याशी यंत्राला काय देणंघेणं!

पोरं बिलंदर. पाठ लावायचा, मला खुर्चीला अडकवायचं आणि पसार व्हायचं. पहिल्यांदा मी थक्कच झालो. अख्खा तास मी एका लाकडी पाठीला "आपण कसे आहात?" असं विचारत होतो!

माझ्या जागेवर रसायनशास्त्राची एक मुलगी यायची. पहाटेपासून बेकरीत राबून, जांभया देत. पाठ लावून ती शेजारच्या रिकाम्या वर्गात झोपायला जायची. राग यायचा, पण कीवही यायची. तिचे तीस तास असेच भरले.

मात्र ते वाया गेले नाहीत. फरशी पुसून झाली की सफाईच्या मावशी त्या खुर्चीत टेकायच्या आणि मला कानाला लावायच्या. आधी नुसत्या हसायच्या, मग पुटपुटायला लागल्या. तीन वर्षं, रोज कुणा ना कुणाच्या तासाला.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा याच खोलीत होती. मुलीला हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. महिनाअखेर पदवी दाखवली नाही, तर ती नोकरी जाणार होती. परीक्षक बाईंनी त्या भाषेत विचारलं, "गेल्या रविवारी काय केलंत?"

मुलीची दातखीळ बसली. बाईंनी पुन्हा विचारलं. आणि उत्तर आलं ते दाराकडून, त्याच भाषेत, "मी बहिणीकडे गेले होते. आम्ही खूप भांडलो, मग पोटभर जेवलो."

मी हादरलो. माझ्या एकाही पाठात हे वाक्य नव्हतं!

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

"मी फरशी पुसतेय, बाई. चुकलं का काही?"

"चुकलं? अहो, एक शब्द चुकला नाही!"

मुलगी नापास झाली. बाईंनी तिला दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं. बाई जाताच ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, मला शिकवाल?"

"शिकवते की. पण डोळा लागला तर बादलीभर पाणी ओतीन हं अंगावर!"

दहा दिवस दोघी बोलत राहिल्या आणि मुलगी पास झाली. नोकरीही वाचली. मग एक दिवस ती धावतच आली.

"मावशी, ही परीक्षा बाहेरच्यांनाही देता येते! प्रमाणपत्र मिळेल तुम्हाला. फॉर्म भरून आणलाय, फक्त इथे सही करा."

कागद हातात फिरवल्याची सळसळ ऐकू आली.

"शाई आहे का गं?" मावशींनी हळूच विचारलं.

"शाई कशाला?"

"अंगठा उठवायला. मला कुठे लिहिता येतं?"

"आपल्या भाषेतही नाही?"

"कुठल्याच नाही, पोरी. शाळेत घातलंच नाही कुणी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तीन वर्षं या बाईच्या कानाशी राहून मला हे कळलं नव्हतं! मग मुलीनं दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आता माझी एक बाजू बंद पडलीय. नवे हेडफोन आलेत, मला भंगारात काढणार म्हणे. माझी तक्रार नाही. फक्त एवढा महिना मला इथेच राहू द्या. कामावरून सुटली की मुलगी इथे येते, मग कागदावर पेन घासत राहतं. मधूनच ते थांबतं आणि मावशी विचारतात,

"हे माझंच नाव ना गं? नक्की?"