काळ्या डबीचे चारशे बारा बळी

रुग्णालयाच्या सभागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. परिचारिका, प्रयोगशाळेतले लोक, आचारी, इतकंच काय, सलाईन लावलेले दोन रुग्णसुद्धा आपापला दांडा ढकलत येऊन उभे होते. टेबलावर एक लॅपटॉप लालभडक होऊन किंचाळत होता. संगणकांचं संरक्षण विकायला आलेल्या सुटाबुटातल्या पाहुण्यांनी काडेपेटीएवढी काळी डबी त्याला खोचली, डोळे मिटले, पाच अंक मोजले. किंचाळी थांबली. पडदा हिरवागार. डबीवर दिवा लागला आणि आकडा उमटला : ४१२.

"चारशे बारा विषाणू ठार!" पाहुणे गरजले. "संगणकातले हं, पोटातले नव्हेत!"

हशा पिकला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या नोंदीताईंनी. रुग्णांच्या नोंदी त्यांच्या ताब्यात, म्हणून हे नाव. गेल्या वर्षी पलीकडच्या दवाखान्यातल्या नोंदी विषाणूने कुलूपबंद केल्या, तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला होता.

"आत काय आहे हो?" क्ष-किरण खोलीतल्या मामांनी विचारलं.

"तेच गुपित! डबी उघडली की आतलं संरक्षक कवच मेलं. आणि तुमचा नोंदींचा प्रोग्राम म्हणे मुक्त, त्याचा कोड कोणीही वाचावा! अहो, दरवाजे सताड उघडे ठेवून झोपता की काय? काढून टाका तो, आमचा घ्या. रोज नोंदींच्या प्रती काढता, त्याही बंद. प्रत काढणं म्हणजे कवचावर संशय, आणि संशय आला की कवच रुसतं!"

मोठ्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे आदेश काढला : प्रती आजपासून बंद, नव्या प्रोग्रामचा करार पुढच्या आठवड्यात.

मग काय, रुग्णालयाला नुसतं वेड लागलं. प्रत्येक संगणकाला एकेक डबी. "माझे आज साडेपाचशे मेले!" "माझे सातशे, हात लाव!" तपासणी राहिली बाजूला, रुग्णच डॉक्टरांना आकडा विचारू लागले.

नवव्या दिवशी नोंदीताईंच्या खोलीत रंगारी आले. संगणक बाहेर हलवला. डबी कुठे ठेवावी म्हणून बाईंनी ती मोबाइलच्या चार्जरला खोचली आणि त्या चहाला गेल्या. परत येऊन बघतात तो डबीवर आकडा : ६१८.

बाईंनी डबी उलटसुलट करून पाहिली. संगणक नाही, जोडणी नाही. हिने मारलं कोणाला? भिंतीला? नऊ दिवस एकही प्रत नाही! मग त्यांना असं काही हसू फुटलं की एक रंगारी शिडीवरून खाली उतरला. संध्याकाळी त्यांनी मामांना गाठून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कराराला पुन्हा तीच गर्दी, पुन्हा लॅपटॉपची किंचाळी. पाहुणे डबी काढणार, एवढ्यात मामा पुढे झाले. हातातलं अर्धं सोललेलं केळं त्यांनी लॅपटॉपसमोर धरलं, डोळे मिटले, पाच अंक मोजले. पडदा हिरवागार!

सभागृहात हास्याचा कल्लोळ उठला. पाहुण्यांनी आणलेला लॅपटॉप दर वेळी अर्धं मिनिट ओरडून आपसूक गप्प होत होता. पाहुण्यांच्या बोलण्यात वेळेचं गणित होतं, एवढंच.

"पण डबी?" मोठे डॉक्टर अडखळले.

नोंदीताईंनी डबी चार्जरला खोचली. आकडा भराभर चढला.

"कवच... दुरूनही मारतं," पाहुणे म्हणाले.

"मग खोचायची कशाला?" बाईंनी विचारलं आणि पेचकसाने स्क्रू काढून डबी उघडली. आत एक दिवा, आकडे वाढवणारं घड्याळ आणि वजनाला लोखंडाचा तुकडा. पाहुण्यांना दारातच पोलिसांच्या हवाली केलं.

मोठे डॉक्टर ओशाळून म्हणाले, "ताई, चुकलंच माझं. पण आपला उघडा प्रोग्राम तरी सुरक्षित कशावरून?"

"दरवाजा उघडा नाही, साहेब. कुलूप कसं बनवलंय, त्याचा नकाशा उघडा आहे. किल्ली आपल्याकडेच. पण नुसतं उघडं आहे म्हणून डोळे झाकू नका. मागे त्यात एक भोक होतं. कुठल्याशा अनोळखी बाईंना कोड वाचताना ते सापडलं, त्यांनी जाहीर सांगितलं, आपण बुजवलं. कोणीच वाचलं नसतं तर राहिलंच असतं. बंद प्रोग्रामही चांगला असतो, पण तो तिऱ्हाइताकडून तपासून घेतलेला हवा. आणि तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या मीच पिटल्या होत्या."

दुपारपर्यंत नऊ दिवसांच्या नोंदींची प्रत निघाली. एकही नोंद हरवली नव्हती, पण हे कवचाचं बळ नव्हे, निव्वळ नशीब.

तेव्हा मंडळी, उद्या कोणी तुमच्या दारात सुरक्षिततेचा चमत्कार घेऊन आला, तर घाबरू नका आणि भारावूही नका. दोनच गोष्टी विचारा : हे कोणी तपासलंय? आणि आमच्या यंत्रावर, आमच्यासमोर पुन्हा करून दाखवाल का? उत्तर मिळेपर्यंत आपल्या नोंदींची प्रत काढत राहा.