कुंताबाईची डिक्कीवाली गाडी

मी एक जुनी, पांढरी, लांबट सेडान गाडी आहे. वय वर्षं बारा. पण मित्रांनो, 'जुनी' हा शब्द मी केवळ रीत म्हणून वापरला. आज सकाळी मला इतकं झकास वाटतंय की कोणी वय विचारलंच तर मी सरळ पाच-सहा सांगून मोकळी होईन! एका किल्लीत सुरू झालेय, काचा पुसून लख्ख आहेत आणि डिक्कीत बर्फात ठेवलेले रोहू मासे आहेत. निघायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात माझी कहाणी सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकला, रंग चढला, चाकं लागली. शेवटी एका बाईने माझ्या चारही दारांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे बारीक भोकं असतात. ती मोकळी आहेत हे पाहून तिने कागदावर खूण केली. मला नवल वाटलं. एवढी नवीकोरी गाडी, आणि तिला भोकं कशाला? पुढे त्याचं कारण कळलं. दाराच्या काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत उतरतंच. ते खालच्या भोकांतून वाहून जातं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ या भोकांनीच घातला.

माझे पहिले मालक चंद्रपूरचे गुणवंतराव. सरकारी नोकरीतून निवृत्त, स्वभावाने शिस्तीचे. त्यांनी मला फुलासारखं जपलं. सर्व्हिसिंगची तारीख चुकवली नाही, ऑइल वेळेवर बदललं, टायरची हवा दर रविवारी तपासली. पण चालवायचे किती? रविवारी बायकोला, रुखमाबाईंना, घेऊन देवळापर्यंत आणि परत! उरलेले सहा दिवस मी कव्हराखाली. बाहेर चंद्रपूरचं ऊन रणरणतंय, आणि मी आत आंबतेय. कौतुक भरपूर, काम शून्य. मित्रांनो, गाडीला यासारखी शिक्षा नाही. दहा वर्षं अशी गेली. मग गुणवंतरावांचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्यांनी मला विकायचं ठरवलं.

मला पाहायला तिघं जण आले. सावली शहराजवळच्या एका गावात तलावावर मासेमारी करणारे गोविंदाभाऊ, त्यांची बायको कुंताबाई आणि तिचा भाऊ धनराज. गुणवंतरावांनी ऐटीत बॉनेट उघडलं. कुंताबाईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"इंजिन मंग पाहू जी," ती म्हणाली. "आधी डिक्की उघडा."

डिक्की उघडली. तिने हात पसरून लांबी मोजली, आत डोकं घातलं, कोपरे चाचपले. धनराज मागून कुरकुरला, "बाई, आपले रस्ते पाह्य ना! हे ठेंगणी गाडी घासन. उंच जीप घे."

"जीपमंधी मानूस आन् मासोळी एकाच खोलीत बसते," कुंताबाई म्हणाली. "मले मासोळीले वेगळी खोली पायजे."

मग तिने पिशवीतून सुकवलेल्या झिंग्यांचं पुडकं काढलं आणि माझ्या त्या स्वच्छ, सुगंधी डिक्कीत ठेवून दिलं! गुणवंतरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"बाई, हे काय करता?"

"पाह्यतो जी, वास समोर येते का."

काचा वर, एसी सुरू, आणि आम्ही बल्लारपूर रोडने निघालो. आत पाच माणसं नाक फुरफुरवत बसलेली. रुखमाबाईही कुतूहलाने हुंगत होत्या. जाऊन परत येईपर्यंत सगळ्यांचं हुंगणंच चाललं होतं. मी जीव मुठीत धरून धावत होते, कारण मला या लोकांकडे जायचंच होतं! शेवटी कुंताबाई म्हणाली, "नाई येत. घ्या हे." आणि मी त्यांची झाले.

काय सांगू मित्रांनो, मग मजाच मजा! राहायला तलावाच्या काठची पाळ, सावलीला मोहाचं झाड. गोविंदाभाऊ पहाटे लाकडी डोंगा वल्हवत जाळं ओढायला जात, म्हणून गाडी चालवायला शिकली कुंताबाई. पहिल्या दिवशी तिने मला धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरवलं, दुसऱ्या दिवशी गावातल्या गतिरोधकावर माझं पोट खरवडलं. तिसऱ्या दिवशी मात्र गतिरोधक आला की तिरकं घ्यायचं हे तिला समजलं, आणि महिन्याभरात ती माझ्याकडून हवं ते करून घ्यायला लागली. रोज सकाळी डिक्कीत मासोळीचं टोपलं, पुढे तिची लेक दिव्यानी, आणि आम्ही व्याहाडवरून वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला. दिव्यानीला कॉलेजात सोडायचं, मासोळी बाजारात न्यायची. दहा वर्षांत चालले नव्हते तेवढी मी एका वर्षात चालले!

वेगळ्या डिक्कीचा हट्ट कशासाठी, तेही मला कळलं. एकटी असली की कुंताबाई माझ्याशी बोलते. लहानपणी ती बापाबरोबर जाळं ओढून मग शाळेत जायची. हात कितीही धुतले तरी मुली नाक दाबून बाकावरून सरकायच्या. सातवीनंतर तिने शाळाच सोडली. "माह्या दिव्यानीपासून कोनी सरकलं नाई पायजे," ती मला म्हणाली होती. बस, मी तेव्हाच मनाशी ठरवलं की हे काम माझं.

आणि नेमका तिथेच घात झाला. तोही मायेपोटी!

उन्हाळ्यात पाळीवर डोंगे पालथे घालतात आणि त्यांच्या भेगांत गरम डांबर भरतात. या कामात गोविंदाभाऊंचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. त्या दिवशी थोडं डांबर उरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी दया आली असावी. मला उतारावर उभी करून, चाकांना दगड लावून ते खाली शिरले आणि ओरडलेच.

"अरे बापा! हिच्या बुडाले भोकंच भोकं! कंपनीवाले बुजवाले इसरले का काय?"

मी काय बोलणार? माझा हॉर्न दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही! दारांची भोकं, तळाची भोकं, सगळी त्यांनी एकेक करून डांबराने बुजवली. एसीचं पाणी ज्या बारीक नळीतून टपकतं, तिलाही त्यांनी गळती समजून दुमडलं आणि जाळ्याच्या दोऱ्याने करकचून बांधलं. गाठ तर अशी मारली की कोणाच्या बापाला सुटू नये. वर माझ्या टपावर थाप मारून म्हणाले, "आता पाण्याचा थेंब नाई शिरत."

शिरायचं ते पाणी वरून शिरतच राहिलं. पावसाळा लागला आणि ते दारांत साठलं. एसीचं पाणी उलट फिरून पायाखालच्या गालिच्यात मुरलं. आठवड्याभरात मी आंबले. डाव्या दाराची काच वर-खाली होईना. आत असा कुबट वास सुटला की मलाच माझी लाज वाटू लागली.

आळ कोणावर आला असेल? माझ्या बिचाऱ्या डिक्कीवर! कुंताबाईने ती लिंबाने घासली, कडुनिंबाचा पाला ठेवला, उन्हं पडली की उघडी टाकली. आठ दिवस मासोळी धनराजच्या मोटारसायकलवर पाठवली. तरी वास जाईना. "मासोळीचा वास पत्र्यात मुरला," असं तिने ठरवून टाकलं. मी मनातून ओरडत होते, अगं डिक्की कोरडी ठणठणीत आहे, दार ठोकून पाहा!

एके दिवशी सावलीहून दिव्यानीची मैत्रीण करिष्मा आमच्याबरोबर निघाली. चांगली, भिडस्त मुलगी. तिने काच खाली करायचं बटण दाबलं. काच हलली नाही. तिने हळूच ओढणी नाकाला लावली आणि बाहेर बघत राहिली. दिव्यानीने ते पाहिलं. कुंताबाईनेही आरशात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दिव्यानी म्हणाली, "आई, मी आता एसटीनंच जाईन."

"जा माये," कुंताबाई एवढंच म्हणाली.

त्या दिवशी ती एकटीच निघाली. वैनगंगेच्या पुलावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. जे काम मी अंगावर घेतलं होतं त्यातच मी नापास झाले होते.

संध्याकाळी तिने मला विकायचं ठरवलं. ज्यासाठी घेतली तेच होत नसेल तर ठेवून काय करायचं? धनराजने चिमूरचं गिऱ्हाईक शोधलं. अजय नाव. रविवारी सकाळी दहाला येणार होता.

रविवार उजाडला. गिऱ्हाइकाला गाडी साफ दिसावी म्हणून कुंताबाई बादली आणि फडकं घेऊन आली. तिने मागचं दार पुसलं आणि ढकलून लावलं.

डबक!

ती थांबली. दार उघडलं, पुन्हा लावलं. डबक! मित्रांनो, जिचा जन्म डोंग्यात गेला, तिच्या कानाला पाण्याचा आवाज दुसऱ्या कोणी ओळखून द्यावा लागत नाही. तिने चारही दारं लावून पाहिली. चारही बोलली.

"अवो, इकडं या! हिच्या अंगात पाणी हाय!"

पाळीवर जाळं सांधत बसलेले गोविंदाभाऊ हसले. "पाणी कुठून येईन? म्या तं सारे भोकं डांबरानं बुजवले ना!"

केवढ्या अभिमानाने म्हणाले! कुंताबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कोनते भोकं?"

"बुडाचे. दाराचे. कंपनीवाले इसरले होते."

दिव्यानी घरातून धावत आली. कुंताबाईने कपाळावर हात मारला. "अवो, डोंग्यात पाणी खालून येते. हिच्यात पाणी वरून येते. मंग तुमी खालून बुच मारलं तं ते जाईन कुठी?"

गोविंदाभाऊ जे उठले! खिळा घेतला, हातोडी घेतली आणि माझ्या दाराखाली उताणे पडले. पहिलं डांबर निघालं आणि काळं, कुजकं, पाल्यापाचोळ्याचं पाणी भसकन त्यांच्या छातीवर आलं.

"हाच!" दिव्यानी किंचाळली. "आई, हाच वास! मासोळीचा नाईच तो!"

काय सांगू तो आनंद! एकेक भोक मोकळं होत होतं आणि मी हलकी हलकी होत होते. नळीचा दोरा कापला तेव्हा तर मला चक्क श्वास घेतल्यासारखं वाटलं. कुंताबाई हसत होती, रडत होती आणि नवऱ्याला बोलतही होती, सगळं एकदमच! सीट काढल्या, गालिचे पिळले, आणि जाळ्यांशेजारी पाळीवर वाळत टाकले.

बरोबर दहाला अजय आला आणि इकडे-तिकडे पाहू लागला. "गाडी कुठी हाय?"

"हे काय, वाळू घातली," कुंताबाई म्हणाली. "इकायची नाई भाऊ आता. चहा घ्या."

अजयने चहा घेतला, एक ताजी मरळ विकत घेतली आणि गेला. तो गेल्यावर गोविंदाभाऊ माझ्या चाकापाशी बसले. "माफ कर बाई," ते हळूच म्हणाले, "मी तुले डोंगा समजलो." मी केव्हाच माफ केलं होतं. चूक होती, पण तीत माया होती.

दोन आठवडे ऊन खाल्ल्यावर मी पहिल्यासारखी झाले. काचही दुरुस्त झाली. दिव्यानी परत येऊ लागली आणि तिने करिष्मालाही बोलावलं. डिक्की टोपल्यांनी भरलेली असताना करिष्मा एसीत ढाराढूर झोपली, ती थेट गडचिरोलीला जागी झाली. मी जिंकले होते!

पण खरी गोष्ट पुढेच घडली. कुंताबाई नेहमी कॉलेजच्या गेटवर लेकीला उतरवून भर्रकन निघून जायची. डिक्कीत काय आहे हे कोणाला कळू नये, हीच तिची धडपड. त्या दिवशी गेटवर दिव्यानीच्या एक मॅडम चौकीदाराला विचारत होत्या, ताजी मासोळी कुठे मिळते. दिव्यानी उतरली, आणि पुढे न जाता मागे वळली.

"मॅडम, इकडं या ना," तिने सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात हाक मारली. "माह्या बाबानं सकाळीच काढली. आई, डिक्की उघड."

कुंताबाईने आरशात मागे पाहिलं. मैत्रिणी जमल्या होत्या, पाहत होत्या. कोणी सरकलं नाही. उलट, टोपलं दिसावं म्हणून सगळ्या पुढे सरकल्या! कुंताबाईने खटका ओढला. माझी डिक्की अशी दणक्यात उघडली की विचारू नका. मग ती उतरली, पदर खोचला आणि मान वर करून मासोळी तोलू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरीही गाडी असेल, नसली तर सायकल असेल. तिच्यावर माया जरूर करा, पण तिला काय हवं ते जाणणाऱ्याला विचारून करा. तिला कव्हराखाली कोंडू नका, चालवा. पावसाळ्याआधी दारांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा आणि माती अडकली असेल तर काडीने काढा. आणि गाडीतून वास आला तर लगेच कोणावर आळ घेऊ नका, आधी तिचं दार लावून ऐका.

आता मला निघायला हवं. दोघी बसल्या आहेत, दारं लागली आहेत आणि दिव्यानी आईला घाई करतेय, कारण हल्ली गेटवर मासोळी घ्यायला लोक आमची वाट पाहतात.