आतली कडी

आमच्या शिरगावच्या फ्लॅटमध्ये मुख्य दार सोडलं तर एकाही दाराला आतून कडी नाही. गेल्या वर्षी अकरावीचा निकाल लागला, त्या दिवशी माझा मुलगा भूषण बाथरूममध्ये शिरला तो बाहेरच येईना. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. संध्याकाळी त्याच्या पप्पांनी, धर्मराजनी, घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. तेव्हापासून आत कोण आहे ते आवाजावरून कळतं. धाकटी पायल गाणी म्हणते, धर्मराज खाकरतात, भूषण मगने बादली वाजवतो. बादली वाजायची थांबली की मी हाक मारते. "आहे गं, मेलो नाही," असं तो आतून ओरडतो.

पुढच्या आठवड्यात त्याला अठरा पूर्ण होतायत. कॉलेज मध्येच सुटलंय. डॉक्टरांच्या गोळ्या कधी घेतो, कधी नाही. या महिन्यात त्याने मिक्सर आपटून फोडला. पायल अभ्यासाला म्हणून मैत्रिणीकडे जाते ती जेवूनच येते.

कॅम्प पाचमधली सासूबाईंची खोली भाडेकरूने रिकामी केली, त्या दिवशी धर्मराज एमआयडीसीतून आले ते अंघोळ न करताच खुर्चीत बसले. एरवी केमिकलच्या कपड्यांनी कशाला हात लावत नाहीत.

"त्याला तिकडे ठेवू," म्हणाले. "अठरा होतायत. करू दे स्वतःचं."

"साधा चहा येतो का त्याला?"

"शिकेल. मला झोप पाहिजे गं आता. आणि पायलला तिचं घर."

झोप मलाही हवी होती.

मग शिफ्ट सुटली की ते परस्पर तिकडे जाऊन रंग देऊ लागले. रविवारी भूषणला घेऊन आम्ही रिक्षाने खोली बघायला गेलो. पंखा नवा, बादली नवी, बुद्धाची तसबीर पुसून जागेवर. शेजारच्या गाळ्यात जीन्स शिवायची मशीनं चालू होती.

"भारी आहे. फुल आझादी," भूषण म्हणाला, पण खिशातले हात बाहेर आले नाहीत. मग त्याने दार लोटून पाहिलं. ते हळूच परत उघडलं. त्याने दारावर बोट फिरवलं. कडीच्या जागी भोकं होती, पुट्टीने बुजवलेली, वर रंग.

"पप्पा, रात्री दार कसं लावायचं?"

धर्मराज दाराकडे बघत राहिले. "रंगाच्या आधी काढली वाटतं मी," ते म्हणाले. "हाताला सवय झाली."

"म्हणजे उघडं टाकून झोपू? कुत्रं येईल ना आत, पांघरूण मागायला."

कोणी हसलं नाही.

"नवी लावतो."

"लावाल," मी म्हणाले, "आणि मग घरी जाऊन झोप लागेल तुम्हाला?"

धर्मराज सासूबाईंच्या पलंगावर बसले.

"मला पण विचारा ना कोणीतरी," भूषण म्हणाला. नेहमीसारखा ओरडला नाही. "मला इथे एकट्याला नाही राहायचं. पण तिकडे पण असं नाही राहायचं. अंघोळ करताना बादली वाजवायची, जोकरसारखी."

गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान होतं. धर्मराजनी कडी मागितली तेव्हा सिंधी दुकानदाराने विचारलं, "कितने दरवाजे हैं, साईं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एकच द्या," मी म्हणाले. "आधी घरी लावून बघू. खोलीचं नंतर." मग भूषणकडे वळले. "आणि गोळ्या रोज. माझ्यासमोर. आपटाआपटी बंद, पायलने घरी जेवायला पाहिजे."

"आणि नाही जमलं तर?"

मी पैसे काढायला पर्स उघडली.

"तर परत बसू तिघं," धर्मराज म्हणाले. "दार उघडं ठेवून."

संध्याकाळी त्यांनी बाथरूमच्या दाराला कडी ठोकली. पहिला भूषणच आत गेला. कडी सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बादलीचाही आवाज नाही. मी कुकरखालचा गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. हाक ओठांवर आली होती.

"बस खाली," धर्मराज म्हणाले. ते स्वतः मात्र उभेच होते.

मी बसले. पायल वहीतून मान वर करून आमच्याकडे बघत होती. खूप वेळाने आत नळ सुटला.