रिकाम्या डब्याचं माप

"अहो, बसत नाही तर नाही! ठोकून बसवणार आहात का आता?" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"तू गप्प बस गं. टेपनं मोजून आणलंय मी. टेप कधी खोटं बोलते का?"

टेप खोटं बोलत नव्हती, हेच तर दुखणं होतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला हा माणूस. कुठलीही जागा मोजायची तर आधी ती रिकामी करायची, ही त्याच्या हाताची सवय. त्याच शिरस्त्यानं त्यानं कॉम्प्युटरच्या डब्यातली हार्ड डिस्कची चौकटसुद्धा बाहेर काढली आणि मग ग्राफिक्स कार्डाची जागा मोजली. कार्ड ऐटीत बसलं. पण आता चौकट काही केल्या आत जाईना, आणि डब्याला वीज देणारा पॉवर सप्लाय बसायचा तो नेमका तिच्यावरच. घ्या! नाकापेक्षा मोती जड.

लेक कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करायची. ऑफिस लांबच्या शहरात. साहेबांनी बजावलं होतं, घरच्या मशीनवर काम होत असेल तर सोमवारी दाखव, नाहीतर इकडे राहायला ये. आणि घरचं मशीन दुसरा मजला चढला की मान टाकायचं. कार्ड बसलं की लेक घरी राहील, एवढंच त्याला कळत होतं.

तो तणतणत दुकानात गेला.

"काका, पाकीट फोडलंत. परत नाही घेता येणार."

"मग मोठा डबा दे."

"तुमच्या मशीनचा मदरबोर्ड दुसऱ्या डब्यात बसत नाही."

"बरं, छोटं कार्ड दे!"

"त्यावर ताईंचं काम चालणार नाही."

"अरे, मग चालतं तरी काय?"

"नवा कॉम्प्युटर, काका," दुकानदार थंडपणे म्हणाला. याचा खिसा तर कार्डातच रिकामा झाला होता.

घरी येऊन त्यानं करवत काढली आणि दातओठ खात चौकट कापायला बसला. करकर ऐकून लेक बाहेर आली.

"बाबा, राहू द्या. येते म्हणून कळवलंय मी ऑफिसला."

"अगं, सोमवार उजाडायचाय अजून!"

"मला जायचंही होतं बाबा. थोडंसं."

त्याला भयंकर राग आला, पण काढायचा कोणावर? त्यानं कार्ड उपसलं, अर्धवट कापलेली चौकट जागेवर बसवली आणि एकेक स्क्रू आवळला. कॉम्प्युटर पूर्वीसारखाच रडतखडत सुरू झाला.

निघायच्या दिवशी लेकीची बॅग पलंगावर उघडी होती. तो कार्डाचा खोका घेऊन आला.

"तिकडच्या मशीनला बसेल."

तिकडे ऑफिसचं तयार मशीन मिळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"द्या," म्हणत ती जागा करायला कपडे बाहेर काढू लागली.

"थांब, काढू नकोस काही." त्यानं खिशातली टेप काढली आणि या वेळी सगळं आत असतानाच माप घेतलं.